नवतीचे फुलपाखरू, पावसाचा बेडूक : प्रकल्प नोंदी, मोर्शी तालुका

१८ जून

शाळेला अजून सुटी आहे, कारण विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. तरीही आठवीच्या विज्ञान प्रकल्पाची आखणी आजच लिहून ठेवणे भाग आहे. ज्या घटनेवर, म्हणजे बेडकांच्या प्रजननावर, या प्रकल्पाचा अर्धा भाग अवलंबून आहे, ती पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री घडते आणि एक-दोन रात्रींत संपूनही जाते. गावातच राहणाऱ्या चार विद्यार्थ्यांना त्यासाठी तयार राहण्यास सांगितले आहे.

विषय एका फुलपाखराच्या आणि एका बेडकाच्या जीवनक्रमाची तुलना असा आहे. पुस्तकांत हे दोघे रूपांतरणाची उदाहरणे म्हणून शेजारीशेजारी छापलेले असतात. एका वर्तुळात अंडे, अळी, कोष आणि फुलपाखरू, तर दुसऱ्या वर्तुळात अंडे, भैरवमासा आणि बेडूक. दोन्ही वर्तुळे सारख्याच आकाराची असल्यामुळे विद्यार्थ्यांचा समज होतो की दोन्हीकडे एकच गोष्ट घडते आणि फरक केवळ चित्रांचा आहे. हा समज तपासून पाहणे, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे.

‘फुलपाखरू’ आणि ‘बेडूक’ असे मोघम न ठेवता दोन निश्चित जाती घेतल्या आहेत. पहिली लिंबू फुलपाखराची, म्हणजे पॅपिलिओ डेमोलियस ही. संत्र्याच्या पट्ट्यात तिच्याएवढी सहज सापडणारी दुसरी मोठी जात नाही, आणि बागाईतदार तिला फुलपाखरापेक्षा ‘पाने खाणारी अळी’ म्हणूनच ओळखतात. दुसरी जात बैल बेडकाची, म्हणजे हॉप्लोबॅट्रेकस टायगरिनस. गावात त्याला नुसते ‘मोठा बेंडूक’ म्हणतात. राज्य फुलपाखराचा मान २०१५ साली मिळालेले नीलवंत हेही लिंबूवर्गीय झाडांवर वाढते, पण आमच्या भागात ते क्वचित दिसते. त्यामुळे मानापेक्षा उपलब्धतेला महत्त्व दिले.

२४ जून

काल सायंकाळी आभाळ फुटल्यासारखा पाऊस झाला. रात्री पांदणीतून, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवरून, आवाज येऊ लागला, तेव्हा विजेऱ्या घेऊन विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासह तेथे गेलो. पांदणीच्या कडेला, धुऱ्यालगतच्या (शेताच्या बांधालगतच्या) खोलगट जागेत गुडघ्याखाली पाणी साचले होते आणि त्यात बैल बेडकांचे नर जमले होते. एरवी हिरवट-तपकिरी असणारा हा प्राणी प्रजननाच्या काळात लिंबासारखा पिवळा होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना गडद निळ्या स्वरपिशव्या फुगतात. विजेरीच्या प्रकाशात ते दोन रंग इतके उठून दिसत होते की एका पालकांनी हा बेंडूक बाहेरून कोणी आणून सोडला असावा अशी शंका घेतली. मादी आकाराने मोठी असते, पण तिचा रंग असा बदलत नाही आणि ती ओरडत नाही. नर तिच्या पाठीवर बसून पुढच्या पायांनी तिला घट्ट धरतो, मादी पाण्यात अंडी सोडते आणि त्याच वेळी नर त्यांवर शुक्रद्रव सोडतो. फलन शरीराबाहेर, उघड्या पाण्यात होते.

सकाळी पुन्हा पाहणी केली. गढूळ पाण्यात गवताच्या काड्यांलगत अंड्यांचे पातळ थर दिसले. मोजण्याचा प्रयत्न केला नाही. एक मादी हजारोंच्या संख्येने अंडी घालते. अंड्याला कवच नाही, केवळ पारदर्शक चिकट आवरण आहे. पाणी आटले तर ती काही तासांत सुकून जातील, हे विद्यार्थ्यांनी न सांगता ओळखले.

हे बेडूक कालपर्यंत कोठे होते, हा प्रश्न साहजिकच आला. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात तेव्हा बैल बेडूक ओलसर मातीत गाडून घेतो, हालचाल जवळजवळ थांबवतो आणि शरीराचा खर्च कमी करून पावसाची वाट पाहतो. पाऊस लांबला की आमच्याकडे मुले काठीला कडूनिंबाचा पाला आणि बेंडूक बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरत असत आणि काही गावांत आजही फिरतात. बेंडूक ओरडला की पाऊस येतो, हा त्यामागचा विश्वास निरीक्षणाच्या जवळचाच आहे. फक्त कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली आहे.

एक नियम आज सर्वांना लिहून दिला. बैल बेडूक वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. १९८० च्या दशकात भारतातून बेडकांच्या तंगड्यांची मोठी निर्यात होत असे. १९८५ मध्ये ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली आणि १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली. त्यामुळे बेडूक किंवा भैरवमासे शाळेत आणले जाणार नाहीत. जे पाहायचे ते डबक्यावर जाऊनच पाहायचे आहे.

४ जुलै

शाळा सुरू झाली. आज फुलपाखराच्या बाजूची पहिली नोंद मिळाली.

शाळेपासून जवळच संत्र्याच्या कलमांची एक छोटी रोपवाटिका आहे. वरूड तालुक्यातील शेंदुरजनाघाट कलमांसाठी प्रसिद्ध आहे, त्याच पद्धतीने येथेही जंभेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलमे तयार करतात. पावसामुळे जंभेरीला नवती, म्हणजे नवी पालवी, फुटली आहे. एक मादी त्या कोवळ्या पानांवर क्षणभर बसत, पोटाचे टोक वाकवून एक अंडे चिकटवत आणि पुढच्या रोपाकडे जात होती. अंडे फिकट पिवळे, गोल आणि साधारण एक मिलिमीटर व्यासाचे आहे. बहुतेक पानांवर एकेकच अंडे आहे.

बेडकाची मादी एका रात्रीत सगळी अंडी एकाच डबक्यावर लावते, तर ही मादी एकेक अंडे वेगळ्या पानावर ठेवते. एका विद्यार्थिनीने विचारले की फुलपाखराला जंभेरीचे पान ओळखता कसे येते. त्याच्या पुढच्या पायांवर रसायने ओळखणारे संवेदी अवयव असतात. पानावर पाय आपटून ते झाडाची चव घेते. संत्रे, लिंबू, बेल, कवठ आणि कढीपत्ता ही सारी एकाच कुळातील झाडे असल्यामुळे त्याची यादी लांब दिसली, तरी रसायनांच्या दृष्टीने ती आखूडच आहे.

या अंड्याला कवच आहे, आणि फलन मादीच्या शरीरातच झालेले असल्याने त्याला पाण्याची गरज नाही. त्याला गरज आहे ती कोवळ्या पानाची, कारण नुकत्याच बाहेर पडलेल्या अळीचे जबडे जून पान कुरतडू शकत नाहीत.

९ जुलै

अळ्या बाहेर आल्या आहेत. त्या काळपट तपकिरी असून मध्यभागी पांढरा पट्टा आहे आणि पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसतात. एका विद्यार्थ्याने पान उचलून ठामपणे सांगितले, ‘सर, हे तं पाखराची शिट हाय.’ भक्षक पक्ष्याचाही हाच समज होतो आणि अळी वाचते.

डबक्यावर मात्र लपाछपी नाही. पाठ्यपुस्तकांत भैरवमासा शेवाळ खाणारा शाकाहारी जीव म्हणून येतो आणि पुष्कळ जातींबाबत ते खरेही आहे. बैल बेडकाचा भैरवमासा मांसाहारी असतो. तो डासांच्या अळ्या खातो, इतर जातींचे भैरवमासे खातो आणि वेळ आली तर आपल्याच भावंडांना खातो. आज आम्ही एकाला दुसऱ्याची शेपटी तोंडात धरून नेताना स्पष्ट पाहिले. विद्यार्थ्यांना हे आवडले नाही, पण आटत जाणाऱ्या डबक्यात हजारोंपैकी काहींनी तरी वेळेत बाहेर पडायचे असेल तर मांसासारखे लवकर वाढवणारे अन्न दुसरे नाही.

तेव्हा ‘आधी शाकाहारी, मग मांसाहारी’ हे सूत्र आमच्या तुलनेच्या तक्त्यात बेडकाच्या रकान्यात या जातीपुरते लिहिता येणार नाही. आहाराचा खरा पालट फुलपाखरात होतो. चावणारे जबडे जातात आणि त्यांच्या जागी मकरंद ओढणारी गुंडाळलेली सोंड येते.

१५ जुलै

आज वर्गात मोजमापावर चर्चा झाली आणि ती अपेक्षेपेक्षा लांबली.

अळीची वाढ टप्प्यांनी होते. तिची बाह्यत्वचा ताणली जाते ती एका मर्यादेपर्यंतच. त्यानंतर तिला कात टाकावी लागते. लिंबू फुलपाखराच्या अळीच्या अशा पाच अवस्था आहेत आणि प्रत्येक अवस्थेची सुरुवात व शेवट अळी स्वतःच दाखवते, कारण टाकलेली कात आणि डोक्याचे रिकामे कवच पानावर सापडते. विद्यार्थ्यांना तारीख लिहिताना कोणताही संभ्रम पडत नाही.

भैरवमाशाचे तसे नाही. त्याची त्वचा त्याच्याबरोबर वाढते आणि एका अवस्थेतून दुसरीत जाताना कोणतीही खूण मागे राहत नाही. मागच्या पायांच्या जागी प्रथम बारीक अंकुर दिसतो, मग तो वल्ह्यासारखा होतो, मग बोटे सुटी होतात. पुढचे पाय कल्ल्यांवरील आवरणाखाली वाढत असतात आणि एके दिवशी अचानक बाहेर येतात. या सलग बदलाला पायऱ्या पाडून देण्याचे काम अभ्यासकांना करावे लागले. गोस्नर यांनी १९६० मध्ये अंड्यापासून छोट्या बेडकापर्यंत ४६ अवस्थांची जी सारणी तयार केली, तीच आजही सर्वत्र वापरली जाते. पाच आणि ४६ या आकड्यांवरून बेडकाचे जीवन अधिक गुंतागुंतीचे आहे असा निष्कर्ष एका गटाने काढला होता. तो वहीतून वगळला आहे, कारण पाच या सीमा निसर्गाने आखलेल्या आहेत आणि ४६ या माणसाने.

आमच्या नोंदीसाठी ४६ अवस्था पेलणाऱ्या नाहीत. मागचे पाय दिसले, पुढचे पाय दिसले, शेपटी गेली, एवढ्या तीनच खुणा आम्ही लिहितो.

२१ जुलै

अळ्यांनी पाचव्या अवस्थेत रंग बदलला आहे. शिटेचा वेश जाऊन त्या पानासारख्या हिरव्या झाल्या आहेत. काडीने हलका स्पर्श केला की डोक्याच्या मागून दोन फाट्यांचा नारिंगी-तांबडा मांसल अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. रोपवाटिकेतील माळीदादांना हा वास परिचयाचा आहे. त्यांचा या अळीवरचा राग रास्त आहे; बागेतील मोठे झाड काही पाने गमावून तग धरते, पण वीतभर कलम दोन-चार अळ्यांत ओकेबोके होते.

दोन अळ्यांनी खाणे थांबवून खोडावर जागा धरली आहे. मागचे टोक रेशमाच्या गादीत रोवलेले आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा, अशा स्थितीत त्या उद्यापर्यंत कोषात जातील.

डबक्यातील भैरवमाशांना मागचे पाय स्पष्ट दिसू लागले आहेत. पाऊस आठवडाभर उघडला आहे आणि पाणी कडेने मागे सरकले आहे.

२८ जुलै

दोन्ही प्राणी आज एकाच वळणावर आहेत, म्हणून ही नोंद सविस्तर करीत आहे.

कोष हिरवा आहे आणि हालत नाही. शेजारी वाळक्या काडीवर झालेला दुसरा कोष तपकिरी आहे, कारण या जातीत कोषाचा रंग आसपासच्या पार्श्वभूमीप्रमाणे ठरतो. आत अळीच्या पुष्कळशा पेशी मोडल्या जात आहेत आणि अळीच्या शरीरात लहानपणापासून राखून ठेवलेल्या पेशीपुंजांतून पंख, पाय, संयुक्त नेत्र आणि सोंड घडत आहेत. या काळात तो जीव खात नाही, पळू शकत नाही आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

भैरवमाशाला अशी विश्रांती नाही. राहते घर न सोडता त्याच्या भिंती बदलाव्यात, तसे त्याचे चालले आहे. कल्ले आक्रसत असताना फुप्फुसे काम करू लागतात, आतडे आखडते, तोंड रुंदावते आणि शेपटीतील पेशी ठरलेल्या क्रमाने मरून तिचे द्रव्य शरीरात शोषले जाते. या शेवटच्या दिवसांत तो खात नाही, पण पोहतो, बगळ्यापासून पळतो आणि श्वास घ्यायला पृष्ठभागावर येतो. आमच्या डबक्यावर बगळ्यांची सर्वाधिक गर्दी याच आठवड्यात झाली. चार पाय आणि शेपटी असा जीव ना धड पोहतो ना धड उडी मारतो, त्यामुळे तो सर्वांत सहज पकडला जातो.

बदलाची आज्ञा कोठून येते, हे वर्गात शिकवले. गुडर्नाच यांनी १९१२ मध्ये भैरवमाशांना घोड्याच्या अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले, तेव्हा ते वेळेआधीच इवलेसे बेडूक झाले. पुढे असेही दिसले की ही ग्रंथी काढून टाकलेला भैरवमासा वाढत राहतो, पण बेडूक कधीच होत नाही. अवटू ग्रंथीच्या थायरॉक्झिनची पातळी चढली की बेडकाचे रूप पालटते. कीटकांत कात टाकण्याची आज्ञा एक्डायसोन हे संप्रेरक देते. बुटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४ मध्ये सुमारे ५०० किलो रेशीमकिड्यांच्या कोषांतून ते केवळ २५ मिलिग्रॅम शुद्ध स्वरूपात मिळवले. मात्र कात टाकल्यावर पुन्हा अळीच व्हायचे की कोष, हे ज्युव्हेनाइल हॉर्मोन नावाचे दुसरे संप्रेरक ठरवते. ते भरपूर असेपर्यंत अळी अळीच राहते आणि ते ओसरले की कोष होतो.

म्हणजे बेडूक एक संप्रेरक वाढल्याने घडतो, तर फुलपाखरू एक संप्रेरक सरल्याने. माझ्या मते संपूर्ण तक्त्यात याहून महत्त्वाचा फरक नाही. तरीही नाते अगदीच नाही असे म्हणता येत नाही, कारण थायरॉक्झिनचा संदेश स्वीकारणारी पेशीतील प्रथिने आणि एक्डायसोनचा संदेश स्वीकारणारी प्रथिने एकाच मोठ्या प्रथिनकुळातील आहेत. आठवीच्या वर्गाला हे जड गेले. दोन विद्यार्थ्यांनी मात्र सुटीनंतर थांबून प्रश्न विचारले.

१ ऑगस्ट

सकाळी पहिल्या तासाआधी हिरवा कोष काळा पडला आणि त्यातून पिवळे-काळे पंख आरपार दिसू लागले. फुलपाखरू बाहेर येऊन उलटे लटकले, पंखांच्या शिरांत द्रव भरून ते पसरले आणि वाळले. मागील पंखाच्या टोकाशी तांबडा ठिपका आहे, पण या कुळातील अनेक फुलपाखरांसारखी शेपटी नाही.

डबक्याकाठी अंगठ्याच्या नखाएवढे बेडूक उड्या मारत आहेत. त्यांच्या आकारात बरीच तफावत आहे. पाणी झपाट्याने आटत असेल तर अनेक जातींचे भैरवमासे वाढ अर्धवट सोडून लहान आकारातच रूपांतर उरकतात. अळीला एवढी मोकळीक नाही. पान जून झाले तर तिला दुसरे पान शोधावे लागते.

१२ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. महादेवाच्या मंदिरात वाहण्यासाठी आणलेल्या बेलाच्या पानांत एका विद्यार्थिनीच्या आजीला आमच्या ओळखीची शिटेसारखी अळी सापडली. आजींनी ते पान वेगळे काढून नातीकडे शाळेत पाठवले.

या पानामुळे माझ्या मनातील एक गोष्ट पक्की झाली. बेलाला कोणी ओलित करीत नाही आणि त्याला नवी पालवी उन्हाळ्यातच, पावसाआधी फुटते. संत्र्याच्या बागेत तर नवती बागाईतदार स्वतः आणतो. आंबिया बहारासाठी, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यासाठी, झाडांना ताण देऊन (पाणी तोडून) जानेवारीत पुन्हा पाणी सोडले की फुलांबरोबर कोवळी पाने येतात. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, ताण उन्हाळ्यात देतात आणि नवती पावसावर येते. त्यामुळे या फुलपाखराला वर्षात अनेक पिढ्या काढता येतात आणि त्या पिढ्यांचे वेळापत्रक आमच्या तालुक्यात बऱ्याच अंशी ओलिताच्या मोटारीवर चालते. बैल बेडकाला मात्र पावसाळ्याशिवाय संधी नाही. दोघांची तुलना रूपांतरणापासून सुरू केली होती, पण दोघे कशाची वाट पाहतात हा प्रश्न मला आता अधिक मोलाचा वाटतो.

२९ ऑगस्ट

रोपवाटिकेत फवारणी झाली. माळीदादांनी आधी कळवले, म्हणून दोन ओळी निरीक्षणासाठी वगळता आल्या. त्यांनी बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे औषध वापरले. त्याचे प्रथिन अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात विरघळून विषारी बनते. बेडकाच्या किंवा माणसाच्या जठरातील आम्लात तसे होत नाही. निंबोळी अर्काचे कामही संप्रेरकांच्या धड्याशी जुळते, कारण त्यातील अझाडिरॅक्टिन अळीच्या कात टाकण्यात अडथळा आणते. इतर रासायनिक कीटकनाशकांबाबत मात्र पंप आणि डबे डबक्याकाठी धुऊ नयेत असे विद्यार्थ्यांनी घरी सांगावे, असे ठरले. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो आणि पाणी शोषतो, त्यामुळे पाण्यात उतरलेले द्रव्य त्याच्या शरीरात सहज शिरते.

१२ सप्टेंबर

तक्ता पूर्ण करण्यास सुरुवात केली आहे. ‘साम्य’ या रकान्यात एका गटाने अनपेक्षित भर घातली. हे दोन्ही प्राणी माणसामुळे आपल्या मूळ प्रदेशाबाहेर पोचले आहेत; लिंबू फुलपाखरू २००४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकात आढळले, तर बैल बेडूक मादागास्करमध्ये आणि आपल्याच अंदमान बेटांवर जाऊन तेथील छोट्या प्राण्यांना डोईजड झाला आहे. ही भर मी ठेवली आहे.

पांदणीवर दिवाळीनंतर मुरूम पडणार आहे, त्यामुळे पुढील वर्षी हे डबके नसेल. नाल्याकाठच्या वावरातील खोलगट जागा पर्याय म्हणून पाहून ठेवली आहे आणि शेतमालकांची परवानगी मिळाली आहे. बेलाच्या झाडाची नोंद मात्र एप्रिलपासूनच सुरू करावी लागेल. नवी पालवी फुटल्यापासून पहिले अंडे दिसेपर्यंत किती दिवस जातात, हे काम त्या आजींच्या नातीने आपणहून मागून घेतले आहे.